वकिलाची हयगय आणि कोर्टाचा उंबरठा

उधारी बुडाली की माणूस वकिलाकडे जातो. वकिलाच्या हातून दावाच बुडाला तर मग जायचे कोणाकडे?

भिवंडीचा एक तरुण व्यापारी, ग्रे कापडाचा धंदा करणारा, गेल्या महिन्यात माझ्या दुकानी आला आणि गादीवर बसता बसता त्याने हेच विचारले. एका पार्टीने त्याला ४,१०,००० रुपयांचा चेक दिला होता. चेक परत आला. त्याने चेक आणि बँकेचा मेमो दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे नेऊन दिला आणि निर्धास्त झाला. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे, हा १३८ कलमाच्या मुकदम्याचा नियम. नोटीस गेली ४१व्या दिवशी. तोवर चेकची तीन महिन्यांची मुदतही संपून गेली होती, म्हणजे तो पुन्हा बँकेत लावून नव्याने सुरुवात करण्याची सोयही उरली नाही.

“चाचा, वकिलावर दावा लावता येतो का? बाजारात तर म्हणतात की असला दावा कोर्ट दारातूनच परत पाठवते.”

मी त्याला म्हटले, लावता येतो, आणि दारातून परतही पाठवला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरी तर मी स्वतः भोगलेली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

माझा मुकदमा

२०११ सालच्या जानेवारी ते मार्चमध्ये मी परगावच्या एका पार्टीला शर्टिंगचा माल दिला. तीन बिले, एकूण रक्कम २,८६,००० रुपये. शेवटचे बिल ३ मार्चचे. बिलावर ३० दिवसांची उधारी छापलेली, म्हणजे रक्कम देय झाली २ एप्रिल २०११ ला. मालाच्या पैशासाठी दावा करायला मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. २ एप्रिल २०१४ ही माझी शेवटची तारीख होती, आणि पहिल्या दोन बिलांची तर त्याच्याही आधी. पार्टी “आज देतो, ईदनंतर देतो” करत राहिली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मी सगळे कागद एका वकिलाच्या हवाली केले. बिले, लॉरीच्या पावत्या, खातेउतारा, सगळे अस्सल. वकीलपत्रावर सही केली, तारखेची जागा कोरी ठेवली. पावती मागितली नाही. इतक्या शिकलेल्या माणसाकडे कागदाची पावती मागणे मला बेअदबी वाटली.

मार्चमध्ये विचारले तर उत्तर मिळाले, कोर्टाच्या सुट्टीनंतर लावू. मला वाटले सुट्टीचे दिवस मुदतीत धरत नसतील. कायद्यात सवलत आहे ती वेगळी आहे. मुदतीचा शेवटचा दिवसच जर कोर्ट बंद असताना आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा चालतो. माझी मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपली, तेव्हा कोर्ट चालू होते. दावा दाखल झाला १७ जून २०१४ ला. दोन वर्षे तारखा पडल्या आणि २०१६ मध्ये तो मुदतबाह्य म्हणून खारीज झाला.

मला राग आला. रात्री बसून उर्दूत सात पाने लिहिली. त्यात धोका, बेइमानी, खयानत हे शब्द वीस वेळा तरी असतील. नव्या वकिलाने त्याचे मराठी करून वादपत्र बनवले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये जुन्या वकिलावर नुकसानभरपाईचा दावा लागला. त्यांनी जबाब देण्याआधीच अर्ज टाकला की या वादपत्रात दाव्याला कारणच दिसत नाही, ते इथेच नामंजूर करावे. ऑगस्ट २०१८ मध्ये अर्ज मंजूर झाला. ना साक्ष, ना पुरावा, ना उलटतपासणी. माझा कागद दारातूनच परत आला.

त्या दिवशी मी कोर्टाला नावे ठेवली. आज ठेवत नाही. कागद दिले कोणत्या तारखेला, ते वादपत्रात नव्हते. कोणते कागद दिले, त्याची यादी नव्हती. दावा वेळेवर लागला असता तर मला किती मिळाले असते आणि कसे, यावर एक ओळ नव्हती. वकीलसाहेब तोंडी म्हणत होते की कागद त्यांच्याकडे आले मे २०१४ मध्ये, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे कागदाचा तुकडा नव्हता. वकीलपत्रावर तर तारीखच नाही.

यात आणखी एक खाच आहे. असे वादपत्र नामंजूर झाले तरी त्याच कारणावर नवे वादपत्र द्यायला दिवाणी प्रक्रिया संहिता मनाई करत नाही. फक्त ते मुदतीत असले पाहिजे. माझी त्या दाव्याची तीन वर्षेही २०१७ मध्येच संपली होती. एकाच मालाच्या पैशाने मला मुदतीच्या कायद्यात दोनदा बुडवले.

दारात काय पाहिले जाते

संहितेच्या ७व्या आदेशातला ११वा नियम हा तो उंबरठा. दाव्याला कारण दिसत नसेल, कोर्ट फी कमी भरलेली असून सांगूनही भरली नसेल, किंवा वादपत्र वाचूनच दिसत असेल की कायद्याने हा दावा चालत नाही, तर कोर्ट ते पुढे नेत नाही. इथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की या वेळी कोर्ट फक्त वादीचे वादपत्र आणि त्याला जोडलेले कागद पाहते. समोरचा काय म्हणतो ते पाहत नाही. आपल्याच राज्यातल्या सलीम भाई विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००२ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणजे माझे कागद वकिलाकडे नोव्हेंबरमध्ये गेले की मेमध्ये, हा वाद त्या टप्प्यावर कोर्टाने सोडवायचाच नव्हता. तो साक्षीपुराव्याचा प्रश्न होता. मी नुसते “अमुक तारखेला हे हे कागद दिले” असे लिहिले असते तरी दावा उंबरठा ओलांडून आत गेला असता. पुढे जिंकलो असतो की हरलो, ती गोष्ट वेगळी.

पण याला दुसरी बाजू आहे. नुसती शब्दांची कारागिरी करून, नसलेले कारण असल्याचा देखावा उभा केला, तर असा दावा पहिल्या तारखेलाच कापून टाकावा, असेही सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगून ठेवले आहे. तेव्हा जे घडले नाही ते घडले म्हणून लिहून दार उघडता येत नाही.

विलायतेतली गोष्ट

हा सगळा कायदा ज्या मुलखातून आपल्याकडे आला तिथे हेच भांडण फार गाजले आहे, आणि त्यातल्या एका खटल्याचे नाव आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. इंग्लंडमध्ये वकील दोन प्रकारचे. सॉलिसिटर अशिलाला भेटतो, कागद बनवतो, दावा दाखल करतो. बॅरिस्टर सल्ला देतो आणि कोर्टात बोलतो. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतही पूर्वी अशी वाटणी होती, आणि फोर्टातल्या सॉलिसिटर पेढ्या त्याच चालीच्या.

तिथे पूर्वी बॅरिस्टरवर कोर्टातल्या कामाबद्दल दावाच चालत नसे. १९६७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तसा फैसला दिला. मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एका माणसाने आपल्या बॅरिस्टरवर दावा केला होता. बॅरिस्टरची फी होती दोन पौंड, चार शिलिंग, सहा पेन्स. लॉर्डांनी दावा दारातच काढून टाकला. कारण दिले ते असे की वकिलाचे पहिले कर्तव्य कोर्टाप्रती आहे, त्याच्या डोक्यावर दाव्याची तलवार टांगली तर तो ते निर्भयपणे करणार नाही, आणि हरलेला प्रत्येक माणूस वकिलावर दावा करून तोच मुकदमा पुन्हा चालवू पाहील.

त्यानंतर आले सैफ अली विरुद्ध सिडनी मिचेल. सैफ अली मार्च १९६६ मध्ये ओळखीच्या माणसाच्या व्हॅनमधून जात असताना दुसऱ्या गाडीने टक्कर दिली आणि ते जखमी झाले. गाडी चालवत होती एक बाई, मालक होता तिचा नवरा. सॉलिसिटरने बॅरिस्टरचा सल्ला घेतला. बॅरिस्टरने दाव्याचा मसुदा केला तो फक्त नवऱ्यावर. बाईवर दावा नाही, व्हॅन चालवणाऱ्यावरही नाही. जखमेच्या भरपाईला तिकडेही मुदत तीन वर्षांची. मार्च १९६९ मध्ये ती संपली. पुढे नवऱ्याने म्हटले, बायको माझ्या कामासाठी गाडी चालवतच नव्हती, मी जबाबदार नाही. आता बाईवरही दावा लावता येईना. एक निर्दोष, जखमी माणूस हात चोळत राहिला.

सैफ अलींनी सॉलिसिटरच्या पेढीवर दावा केला. पेढी म्हणाली, आम्ही बॅरिस्टरच्या सल्ल्याने वागलो, त्यांनाही यात ओढा. बॅरिस्टर म्हणाले, आमच्यावर दावा चालतच नाही, हा भाग इथेच काढून टाका. मग सुरू झाला खालीवर प्रवास. पहिल्या पायरीला काढला, न्यायाधीशाने परत घेतला, अपील कोर्टाने पुन्हा काढला. नोव्हेंबर १९७८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी फैसला दिला की हा भाग चालेल. कोर्टात उभे राहून केलेले काम आणि त्याच्याशी अगदी जुळलेले काम, एवढ्यालाच संरक्षण. दावा कोणावर लावायचा हे ठरवण्यात चूक करून मुदत घालवणे त्यात बसत नाही.

हे वाचताना मला माझी फाईल आठवली. अपघात १९६६ चा आणि वकिलावरचा दावा चालेल की नाही एवढे ठरायला १९७८ उजाडले. बारा वर्षे फक्त उंबरठ्यावर.

मग २० जुलै २००० रोजी तोच हाऊस ऑफ लॉर्ड्स सात न्यायाधीशांसह बसला. या वेळी तीन खटले एकत्र होते, तिन्ही सॉलिसिटरच्या पेढ्यांवरचे. एक बांधकामाच्या भांडणातला, दोन नवरा-बायकोच्या मालमत्तेच्या तडजोडीतले. तिन्ही दावे खालच्या कोर्टांनी जुन्या संरक्षणाच्या जोरावर दारातच काढले होते. सातही न्यायाधीशांनी सांगितले की दिवाणी कामात हे संरक्षण आता उरले नाही. डॉक्टर, इंजिनियर, हिशेबनीस यांच्यावर दावा चालतो तसा वकिलावरही चालेल. फौजदारी कामाबद्दल त्यांच्यात मतभेद राहिले, तरी बहुमताने तेही गेले. ऑस्ट्रेलियाने मात्र २००५ मध्ये आपले संरक्षण कायम ठेवले.

तिकडे असे दावे जास्त का होतात याचे एक कारण आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक सॉलिसिटर पेढीला अशा चुकांसाठी विमा उतरवणे सक्तीचे आहे. हयगय सिद्ध झाली तर पैसे विमा कंपनी देते. आपल्याकडे वकिलाला असा विमा सक्तीचा नाही. तेव्हा दावा जिंकूनही शेवटी वसुली एका माणसाच्या घरादारातून करायची. आपल्या गावातल्या, आपल्याच मशिदीत शेजारी उभे राहणाऱ्या माणसाच्या घरादारातून. व्यापारी असा दावा करायला का कचरतो, ते यात आले.

आपल्याकडचा कायदा

विलायतेत जे दार २००० मध्ये उघडले ते आपल्याकडे १९२६ पासून उघडे आहे, हे मला साठीला टेकताना कळले. त्या वर्षीचा लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) कायदा फक्त काही कलमांचा आहे. त्याने वकिलाला अशिलाशी फीचा करार करायचा आणि फीसाठी दावा करायचा हक्क दिला, आणि त्याच्याबरोबर ५व्या कलमात सांगितले की केवळ वकील आहे म्हणून कोणी आपल्या कामातल्या हयगयीने झालेल्या नुकसानीच्या दाव्यातून सुटत नाही. फी मागण्याचा हक्क हवा तर जबाबदारीही घ्या, असा सरळ सौदा. १९८८ मध्ये कर्नाटकातून आलेल्या एका अपिलात सुप्रीम कोर्टाने हे कलम पाहूनच वकिलाचा संरक्षणाचा दावा मान्य केला नाही. त्या मुकदम्यात अशील मधेच वारला आणि त्याच्या वारसांनी तो पुढे चालवायचा म्हटले. कोर्ट म्हणाले, दावा करारभंगावर उभा असेल तर वारस चालवू शकतात, नुसत्या वैयक्तिक अपकारावर उभा असेल तर माणसाबरोबर संपतो. आता वादपत्रात कोणता शब्द लिहावा याला किती वजन आहे ते बघा.

फिकहमध्येही हीच जाण आहे. वकील हा अमीन असतो. त्याच्या हातातली वस्तू त्याच्या कसुरीशिवाय गेली तर भरपाई नाही, कसुरीने गेली तर आहे. आपले बुजुर्ग हे जाणत होते. पण कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा जो हुकूम सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत आहे, तो आपण पार्टीच्या बाबतीत थोडाफार पाळतो आणि वकिलाच्या बाबतीत अजिबात पाळत नाही.

बरेच लोक म्हणतात, दिवाणी कोर्टाची फी आणि वर्षे कशाला, ग्राहक कोर्टात जाऊ. तो रस्ता बंद झाला. त्याची सुरुवातही चेकपासूनच झाली होती. दिल्लीच्या एका माणसाने न वटलेल्या २०,००० रुपयांच्या चेकसाठी वकील लावला आणि त्यातून दोघांत वाद होऊन प्रकरण ग्राहक मंचात गेले. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने सांगितले की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते. सतरा वर्षांनी, १४ मे २०२४ रोजी, बार ऑफ इंडियन लॉयर्सच्या अपिलात सुप्रीम कोर्टाने ते उलटवले. अशिलाचा वकिलावर इतका ताबा असतो, त्याच्या सांगण्याशिवाय वकील तडजोड करू शकत नाही की कबुली देऊ शकत नाही, म्हणून हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे, आणि असा करार ग्राहक कायद्यातून वगळलेला आहे. डॉक्टर १९९५ पासून ग्राहक कायद्यात आहेत, वकील नाहीत. माझ्या अडाणी बुद्धीला हा फरक पुरता पटत नाही. मालेगावच्या यंत्रमागवाल्याचा त्याच्या वकिलावर किती ताबा असतो ते मी पाहिलेले आहे. पण फैसला तो फैसला. दिवाणी कोर्टाचे दार त्याने बंद झालेले नाही.

बार कौन्सिलचे दारही आहे. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, ताकीद मिळू शकते, सनद काही काळ किंवा कायमची जाऊ शकते. पण तिथे तुमचे गेलेले पैसे मिळत नाहीत, आणि प्रामाणिकपणे दिलेला चुकीचा सल्ला म्हणजे गैरवर्तन नव्हे हे पुण्याच्या दोन वकिलांच्या प्रकरणात १९८३ मध्येच ठरले आहे.

वकील तारखेला गैरहजर राहिला म्हणून काम गेले असेल, तर वकिलावर दावा करण्याआधी त्याच कोर्टात अर्ज करावा. रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने गावाकडच्या अशिलाचे अपील परत चालू केले. वकिलाच्या गैरहजेरीची सजा अशिलाने का भोगावी, असे तिथे मानले गेले. ही मेहेरबानी अपील आणि अर्जांना मिळू शकते. मूळ दावाच तीन वर्षांनंतर लावला असेल, तर उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला नाही. माझे तेच झाले.

मुकदम्याच्या पोटात मुकदमा

आता सगळ्यात अवघड भाग. वकिलाने हयगय केली एवढे सिद्ध करून भागत नाही. त्या हयगयीने माझे काय गेले ते दाखवावे लागते. म्हणजे जो दावा बुडाला तो चालला असता तर मी जिंकलो असतो का, आणि जिंकून पैसे हातात आले असते का, हे या दुसऱ्या दाव्यात सांगावे लागते.

इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये असाच एक फैसला दिला. यॉर्कशायरमधला एक कोळसा खाणीचा मजूर, यंत्राच्या हादऱ्यांनी त्याची बोटे बधिर झालेली. त्याच्या सॉलिसिटरने १९९९ मध्ये ११,६०० पौंडांत तडजोड करून दिली. घरकामाला लागणाऱ्या मदतीचे आणखी पैसे मागता आले असते, ते सांगितले नाही. हयगय पेढीने कबूल केली. तरी मजूर हरला. खालच्या न्यायाधीशाला आढळले होते की ती मागणी तो खरेपणाने करूच शकला नसता, कारण ती कामे तो स्वतः करत होता. मासेमारी करतानाचे त्याचे फोटोही पुढे आले होते. वरच्या कोर्टाने सांगितले, जी मागणी तू स्वतः खरेपणाने केली असतीस ती सिद्ध करणे तुझ्याकडे. समोरच्याने किंवा कोर्टाने काय केले असते, त्याचा हिसाब मात्र शक्यतेवर करतात, रुपयात बारा आणे की चार आणे.

माझ्या बाबतीत हा प्रश्न कोर्टात आलाच नाही, पण मी तो स्वतःला विचारला. माझी पार्टी २०१५ मध्ये दुकान बंद करून गेली. दावा वेळेवर लागला असता तरी हुकूमनामा मिळायला तीन-चार वर्षे गेली असती. हुकूमनामा घेऊन मी कोणाच्या दाराला कुलूप लावणार होतो? वकिलाने माझे २,८६,००० रुपये बुडवले असे मी सात पानांत लिहिले होते. खरा हिसाब केला तर त्याने मला बुडवले ते एका शक्यतेपुरते, आणि ती शक्यता लहान होती.

म्हणून दारावर चाळणी नसावी असे मला वाटत नाही. चाळणी सैल ठेवली तर काय होते ते बीसीसीआय बँकेच्या ठेवीदारांना विचारा. आगा हसन आबेदींची ती बँक जुलै १९९१ मध्ये बुडाली, आपल्यातल्याही काहींना झळ बसली. ठेवीदारांच्या वतीने बँक ऑफ इंग्लंडवर दावा झाला. २००१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तो दारातून आत घेतला. २००४ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि नोव्हेंबर २००५ मध्ये दावेदारांनी स्वतःच मागे घेतली. कोट्यवधी पौंड वकिलांच्या फीत गेले. मला खटकते ते एवढेच की जिथे भांडण तारखेचे किंवा कोण काय बोलला याचे असते, तिथेही अर्ज टाकून दावा अडवला जातो आणि अशिलाचा दम त्या अर्जातच संपतो.

कागद देताना

आता मी कागद देतो तेव्हा यादी करून तिच्या दुसऱ्या प्रतीवर वकिलाची सही आणि तारीख घेतो. कोणी रागावत नाही, मीच उगाच घाबरत होतो. वकीलपत्रावर तारीख मी स्वतः घालतो. पहिल्याच भेटीत विचारतो, शेवटची तारीख कोणती? आणि उत्तर त्याच दिवशी चिठ्ठीने किंवा फोनवर लिहून पाठवतो की आपण ही तारीख सांगितली. दावा लागला की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मागतो. तो नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये घातला की दावा कधी दाखल झाला, पुढची तारीख कोणती, ते घरबसल्या दिसते. माझा मुलगा दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर पाहतो. आणि दर मार्चला प्रत्येक पार्टीकडून खातेउताऱ्यावर बाकी कबूल असल्याची सही घेतो. तीन वर्षांच्या आत अशी लेखी कबुली मिळाली तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. २०१३ मध्ये ती पार्टी “ईदनंतर देतो” म्हणत होती, तेव्हा खातेउतारा पुढे करून सही घेतली असती तर वकिलाचा जूनसुद्धा मुदतीत बसला असता. ही कसूर वकिलाची नव्हती.

भिवंडीच्या त्या तरुणाला मी विचारले, मालाचे बिल कधीचे? म्हणाला, मागच्या दिवाळीच्या आधीचे. मी म्हटले, मग वकिलावर दावा करायचा विचार आज सोड. १३८ चा मुकदमा गेला, पण उधारीचा दिवाणी दावा अजून तुझ्या हातात आहे, आणि जोवर तो हातात आहे तोवर तुझे पैसे वकिलाने बुडवले असे तुला म्हणताच येणार नाही. हेच उत्तर वकील पहिल्या तारखेला देईल आणि तुझा कागद दारातून परत येईल. परत आलेला चेक या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून उपयोगाचाच आहे. आधी जुन्या वकिलाकडून अस्सल चेक आणि मेमो परत घे. तो दिल्याची पावती आहे का?

त्याने खिशातून फोन काढला. कागद द्यायला गेला त्या दिवशी वकिलाच्या मुनशीने टेबलावर ठेवलेल्या कागदांचा फोटो त्याने काढलेला होता, खाली तारीख आणि वेळ. मी त्याला म्हटले, हा फोटो आजच आणखी दोन ठिकाणी ठेव, आणि चहा संपव, चार वाजता कोर्टाची खिडकी बंद होते.